थान मास्तरांची एकच चिठ्ठी

थान मास्तरांचा हात काट्यापेक्षा खरा, हे आमच्या चीनमधल्या बोचौच्या औषधगल्लीत कुणालाही विचारा. खणात हात घालायचा, मूठ भरायची, कागदावर सोडायची. नऊ ग्रॅम म्हणजे नऊ ग्रॅम. एखादं नवं गिऱ्हाईक संशयानं बघायला लागलं की मास्तर मुद्दाम ती मूठ काट्यात टाकत आणि काट्याकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहत. एवढाच काय तो त्यांचा माज. बाकी माणूस इतका मवाळ की गल्लीतली मांजरंसुद्धा त्यांच्याच पायात येत आणि वर त्यांच्यावरच गुरगुरत.

सोळाव्या वर्षी ते त्या जुन्या औषधालयात लागले. गिऱ्हाईक वैद्यांची चिठ्ठी घेऊन येणार, मास्तर एकेक मूळ, एकेक साल काढणार, कागदात बांधून वर सुतळीची गाठ मारणार. दुकानाचा नियम पहिल्याच दिवशी शिकवला होता: चिठ्ठीवर आहे तेवढंच द्यायचं. विचारायचं नाही, सुचवायचं नाही, एक पान जास्त टाकायचं नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला सहीच्या दोन जागा असतात. डावीकडे लिहिणाऱ्या वैद्याची, उजवीकडे पुडी बांधणाऱ्याची. थान मास्तरांनी बेचाळीस वर्षं उजवीकडे सही केली.

आता बेचाळीस वर्षं दुसऱ्याचं हस्ताक्षर वाचलं की माणसाला आपलंही काही म्हणणं असतं. दुकानाच्या कोपऱ्यात गू वैद्य बसायचे, ऐंशीच्या घरातले, मोठ्या नावाचे. त्यांची एखादी चिठ्ठी हातात आली की मास्तरांना मनातून वाटे, आल्याचा तुकडा कमी चालला असता. पण ते बोलत फक्त घरी. आधी बायकोजवळ, आणि बायको डोक्यातली रक्तवाहिनी फुटून एका दुपारी गेली तेव्हापासून मुलीजवळ. मुलीचं नाव सूयिन. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"बाबा, तुम्ही एकदा स्वतःच लिहा ना चिठ्ठी," ती म्हणायची.

"कुणासाठी लिहू? तुझ्या आळसावर आपल्या सगळ्या बाजारात औषध नाही."

त्या पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. कणीक मळायला शिकले, गुंड्या शिवायला शिकले, आणि वेण्या घालायला तर असे शिकले की गल्लीतल्या बायका मुलींना पाठवायच्या, "जा, थानकाकांकडून घालून घे." सूयिनचे केस दाट, काळेभोर, कमरेला टेकणारे. मास्तर ते बरोबर दोन भाग करून घेत आणि दोन्ही वेण्या हातात तोलून बघत. "सारख्या आहेत," असं म्हटल्याशिवाय तिला शाळेत सोडत नसत. कोपऱ्यावर बीफच्या पोळ्या भाजणाऱ्या मा काकू ओरडत, "मास्तर, पोरीचं डोकं आहे ते, औषधाची पुडी नाही!"

सूयिन पुढं नदीपलीकडच्या शाळेत दुसरीची बाई झाली. सव्वीस वर्षांची असताना एका शरद ऋतूत ती थकायला लागली. जिना चढताना मधे बसायची. मग डोळे पिवळे दिसायला लागले. मास्तरांनी आयुष्यभर पिवळ्या डोळ्यांची माणसं दुकानात पाहिली होती, तरी स्वतःच्या पोरीच्या डोळ्यांना ते दोन आठवडे उजेडाचा दोष देत राहिले.

शहरातल्या दवाखान्यात वेई नावाच्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, सुईनं लिव्हरचा इवलासा तुकडा काढून तपासला, आणि बापलेकीला समोर बसवून सांगितलं. कसला जंतू नाही, दारूचा प्रश्नच नाही. शरीराचे राखणदार चुकून स्वतःच्याच लिव्हरवर उठलेत.

"कशामुळं?" मास्तरांनी विचारलं.

"ते कुणालाच नीट माहीत नाही, काका."

"मग औषध कशावर देणार?"

"राखणदारांना गुंगवणार. स्टेरॉइड, आणि त्याच्या जोडीला अजून एक गोळी. सहा महिन्यांत बराच फरक पडेल. पण गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत."

मास्तरांना हे पटलं नाही. घरचे राखणदार निजवून ठेवायचे ही कुठली रीत? ते तडक गू वैद्यांकडे आले. वैद्यांनी सूयिनची दोन्ही मनगटं धरली, जीभ बघितली, बराच वेळ डोळे मिटून बसले.

"तिकडच्या गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत," ते म्हणाले. "आग लागली आहे, ती त्यांना विझवू दे. नंतर जळक्या भिंती सारवायचं काम माझं. आणि थान, माझी चिठ्ठी त्या बाईंना दाखवून ये. त्यांना न कळता पोरीच्या पोटात काही जाता कामा नये, आणि मलाही न कळता नाही."

वेई बाईंनी चिठ्ठी वाचली, पुस्तक उघडून एकेक नाव ताडून पाहिलं आणि एका मुळावर रेघ मारली. गू वैद्यांची चिठ्ठी खोडणारा माणूस मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. परत येऊन सांगताना त्यांची जीभ अडखळत होती. वैद्यांनी कागद चष्म्याजवळ धरला, नाक फेंदारलं, चहाचे दोन घोट घेतले.

"बरोबर खोडलंय," ते म्हणाले. "हुशार आहे बाई."

असा दोघांचा मेळ बसला. दवाखान्यात सूयिनला सलाईन लावलं तेव्हा मास्तरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि लहान पोरासारखे हसले. त्यात ज्येष्ठमधाचा अर्क होता. "अहो सिस्टर, हे माझ्या तिसऱ्या ओळीतल्या खणात असतं," त्यांनी नर्सला दोनदा सांगितलं. नर्सला बिचारीला त्याचं काय!

घरी रोज काढा उकळायचा आणि उरलेला चोथा सकाळी गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर ओतायचा. जाणारायेणारा त्यावर पाय देऊन जातो आणि दुखणं थोडं थोडं पायांबरोबर घेऊन जातो, अशी आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या समजूत. परक्या घराचा चोथा माणसं टाळून जातात. सूयिनचा चोथा कुणी टाळला नाही. मा काकू तर तवा पेटवायच्या आधी येऊन त्यावर पाय घासून जायच्या. "पोरीला सांगा, आज मी मणभर नेलं," त्या मास्तरांना म्हणायच्या. पोस्टमन मुद्दाम सायकलवरून उतरून चालत जायचा. आणि खरंच, सहा महिन्यांत रक्तातले आकडे उतरत उतरत जवळजवळ आपल्यासारखे झाले. स्टेरॉइड कमी होत अगदी इवलीशी गोळी उरली.

पण त्या सहा महिन्यांनी सूयिनचं रूप नेलं. तोंड गोल, गाल सुजलेले, हनुवटीवर पुरळ. आणि केस गेले. रोज उशीवर, रोज मोरीच्या जाळीत. एके दिवशी ती शाळेतून एक चित्र घेऊन आली. वर्गातल्या मुलांनी बाईंचं चित्र काढलं होतं: एक मोठा गोळा, दोन डोळे, आणि वर मोजून सात केस.

"बाबा, बघा तरी! सात तरी ठेवलेत," असं म्हणत ती इतकी हसली की खोकला आला.

मास्तरही हसले. मग ती आंघोळीला गेली आणि पाणी बराच वेळ नुसतं वाहत राहिलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि डोक्यावर विणलेली टोपी होती. एप्रिलात कुणी टोपी घालतं का? पण ती घरातसुद्धा काढेना.

"केस गेले तर गेले, लिव्हर आहे ना," ती म्हणाली. शहाणी पोर. तिला ते खरंच पुरलं असतं. बापाला पुरलं नाही.

हशोउवू नावाचं एक लालसर मूळ आमच्याकडं केसांसाठी नावाजलेलं आहे. कच्चं खाऊ नये, त्रास देतं, हे मास्तरांना पाठ होतं. पण काळ्या सोयाबीनच्या पाण्यात नऊ वेळा वाफवून नऊ वेळा उन्हात वाळवलं की त्यातला दोष उतरतो, असं जुन्या लोकांनी त्यांना शिकवलं होतं. हल्ली कारखान्यात दोनतीनदा करून विकतात आणि वर नऊदा केल्याचं लिहितात. मास्तर म्हणाले, बाजारातलं नको. मी स्वतः करीन.

गू वैद्य त्या वेळी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेले होते, ते सहा महिने तिकडंच राहिले. ते नव्हते म्हणून विचारायचं राहिलं, असं मास्तर पुढं स्वतःला सांगत असत. मी स्पष्टच बोलतो: फोन होता. मास्तरांना विचारायचं नव्हतं. बेचाळीस वर्षं उजवीकडे सही केलेल्या माणसाला एकदा, एकदाच, डावीकडे सही करायची होती, आणि तीसुद्धा स्वतःच्या लेकीसाठी. यात पाप कुठं होतं? मला अजून सापडलेलं नाही.

महिनाभर ते राबले. सोयाबीन उकळून काळं पाणी काढायचं, त्यात चकत्या भिजवायच्या, चाळणीत ठेवून चार चार तास वाफवायच्या, मग गच्चीवर बांबूच्या ताटांत पसरून ऊन येईल तिकडं ताट सरकवत बसायचं. ढग आले की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. हात कोपरापर्यंत काळे झाले. नवव्या खेपेला चकती मोडून बघितली, आतबाहेर एकसारखी काळी, चकचकीत. मग काळे तीळ भाजले, तुतीची फळं वाटली, मध कढवला आणि सगळं मळून गोळ्या वळल्या. काट्याला हात न लावता. प्रत्येक गोळी नऊ ग्रॅमची.

शहराबाहेरच्या शेतांत तेव्हा शाओयाओची फुलं आली होती, मैलोन्‌मैल गुलाबी. अशा एका रविवारी त्यांनी पहिली गोळी सूयिनच्या तळहातावर ठेवली.

"वेई बाईंना विचारायचं का आधी?" ती म्हणाली.

"अगं, हे औषध कुठं आहे? तीळ, मध आणि एक मूळ. आज्या नातवंडांना देतात. खाऊ आहे हा."

तिनं खाल्ली. "मस्त आहे. अजून एक द्या ना."

मास्तर खोटं बोलले नव्हते, हे ध्यानात घ्या. औषध म्हणजे जे चिठ्ठीवर येतं, मडक्यात उकळतं, कडू लागतं आणि ज्याचा चोथा उरतो. बेचाळीस वर्षांत त्यांना औषधाची दुसरी व्याख्या कुणी शिकवली नव्हती. या गोळ्यांना चिठ्ठी नव्हती आणि चोथाही नव्हता. त्यामुळं रस्त्यावर काही ओतलं गेलं नाही आणि गल्लीला पत्ता लागला नाही.

जूनमध्ये सूयिनच्या कपाळाच्या वर काळी लव दिसायला लागली. मास्तरांनी बोट फिरवून पाहिलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. तिथं नळ सोडून त्यांनी डोळे धुतले. पंधरा दिवसांत लव दाट झाली. सूयिननं टोपी धुऊन पेटीत टाकली आणि वर्गात उघड्या डोक्यानं गेली. मुलांनी परत चित्र काढलं. या वेळी केस एवढे काढले होते की चेहरा त्यात सापडेना.

"आता कसं वाटतं?" मास्तरांनी छाती फुगवून विचारलं.

"वैद्यराज थान," ती हात जोडून वाकली. "आपली फी किती?"

हे त्यांचे शेवटचे चांगले दिवस.

जुलैत ती पुन्हा जिन्यात बसायला लागली. रक्तातले आकडे वर चढलेले. वेई बाईंनी भुवया आक्रसून कागद उलटेपालटे केले. "गोळी कमी केली म्हणून दुखणं उलटलं असेल," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी नेमकं विचारलं, "गू वैद्यांच्या काढ्याशिवाय दुसरं काही चालू आहे? मुळ्या, चूर्णं, गोळ्या, कुणी दिलेलं काही?"

सूयिननं बापाकडं पाहिलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

क्षणभर त्यांच्या मनात ती काळी गोळी आली, नाही असं नाही. आली आणि 'तो तर खाऊ' म्हणून निघून गेली. आणि थोडी लाजही होती. वेई बाईंना नाव घेऊन सांगितलं असतं तर त्यांनी पुस्तक उघडलं असतं आणि रेघ मारली असती. गू वैद्यांची चिठ्ठी खोडली ती खोडली, त्यांना अजून शंभर होत्या. मास्तरांची ही एकच होती.

बाईंनी स्टेरॉइड वाढवलं. सूयिनला अन्न जाईना, पाय ओढत चालायची. मास्तर म्हणाले, अशक्तपणा आलाय, जीव भरायला हवा. "दिवसाला दोन खातेस ना? तीन कर." आणि पोरीनं तीन केल्या.

ऑगस्टच्या मध्यावर तिचे डोळे पिवळे झाले, मग अंग, मग तळवे. तिला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना नर्सला उशीखाली क्रीमचा डबा सापडला. त्यात चार काळ्या गोळ्या. नर्सनं तो डबा वेई बाईंच्या हातात दिला. मास्तर गरम पाण्याचा थर्मास भरून दारातून आत येत होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"केसांसाठी आहे," सूयिन म्हणाली. "हशोउवू."

बाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "हशोउवू! लिव्हरच्या पेशंटला! अगं, चांगल्या माणसांचं लिव्हर यानं बसतं कधी कधी. दर वर्षी चारदोन तरी येतात इथं. कितीदा वाफवलं तरी भरवसा नाही. कुठल्या गाढवानं दिलं तुला हे?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"फोनवरून मागवलं," सूयिन झटकन म्हणाली. "ऑनलाइन. दुकानाचं नाव आठवत नाही." आणि पलंगाशेजारी उभ्या असलेल्या बापाच्या शर्टाची कड तिनं मुठीत धरून खाली ओढली. लहानपणी गर्दीत धरायची तशी.

"हे ऑनलाइनवाले," बाई म्हणाल्या, "यांना तुरुंगात टाकलं पाहिजे. काका, तुम्ही या धंद्यातले ना? तुम्हाला तरी दिसायला नको होतं का?"

थान मास्तर थर्मास धरून उभे राहिले. उघड्या तोंडातून येणाऱ्या वाफेनं हात भाजत होता. बाई फाइलमध्ये काहीतरी लिहून निघून गेल्या.

"मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. "आत्ता जातो."

"काही सांगायचं नाही. मूळ कुठलं ते त्यांना कळलंय, तेवढं पुरे. कुणी दिलं त्यानं काय होणार आहे?"

"सूयिन, मी..."

"बाबा, तुम्हाला गल्लीत राहायचंय. दुकानात उभं राहायचंय. लोक तुमच्या हातून पुडी घेतात." ती थांबली, तिला धाप लागली होती. "आणि तुमच्यावर कुणी ओरडलेलं मला नाही बघवत. एवढं ऐका माझं."

त्यांनी ऐकलं. मला विचाराल तर आयुष्यातली त्यांची सगळ्यात मोठी चूक ही दुसरी. पहिली प्रेमापोटी झाली. ही मात्र भिऊन, आणि एका मरणाऱ्या पोरीच्या आडोशाला उभं राहून.

पुढचं लांबण लावत नाही. गोळ्या बंद झाल्या, पण लिव्हर बसतच गेलं. प्रांताच्या मोठ्या दवाखान्यात नाव लावलं, दुसऱ्याचं लिव्हर मिळतंय का म्हणून. मास्तरांनी स्वतःचं अर्धं देऊ केलं. तपासलं तर त्यांच्याच लिव्हरमध्ये चरबी, आणि जुना जंतूही. "घ्या हो, कसंही असलं तरी घ्या," म्हणून त्यांनी बाईंचे हात धरले. एकदा त्यांनी विचारलं, "त्या मुळामुळंच झालं का हे?"

"ते असेल, उलटलेलं दुखणं असेल, दोन्ही असतील," वेई बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "जुलैतच कळलं असतं तर मूळ थांबवून वाट पाहिली असती, आणि उत्तर मिळालं असतं. आता कुणीच सांगू शकणार नाही."

शेवटचे आठ दिवस सूयिनचं बोलणं भरकटायला लागलं. वर्गाची हजेरी घ्यायची. एकदा बापाकडं बघून म्हणाली, "वेण्या सारख्या झाल्या का?" मास्तर म्हणाले, "झाल्या." सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊ वाजता ती गेली. सत्तावीस वर्षांची होती.

अंग पुसायला आणि कपडे घालायला मा काकू आल्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी कंगवा घेतला, तेव्हा मास्तरांनी हात पुढं केला. काकूंनी कंगवा दिला आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चार बोटं लांब केस होते. दाट, काळेभोर, तेल न लावता चमकणारे. वेणी घालण्याइतके लांब नव्हते. मास्तरांनी मधोमध भांग पाडला आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते वाकून पाहिलं.

नंतर मास्तर दुकानात परत आले, पण तो हात गेला होता. नऊ ग्रॅमला मूठ भरायचे तर कधी सात यायचे, कधी बारा. प्रत्येक जिन्नस काट्यात टाकायचे, एकदा, दोनदा, तीनदा. गिऱ्हाईकं ताटकळायची, पण कुणी काही बोलायचं नाही. हशोउवू मागायला कुणी आलं की मास्तर खण उघडायच्या आधी विचारायचे, "कुणासाठी? लिव्हर तपासलंय का? डॉक्टरांना सांगितलंय का?" दुकानाचा पहिला नियम त्यांनी असा रोज मोडला. मालकांनी एकदा हटकायला तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून परत मिटलं.

गू वैद्य डोळे बरे होऊन आले. मास्तरांनी फक्त त्यांना खरं सांगितलं. वैद्यांनी कपाळावर हात मारला.

"मला विचारायचं होतंस रे," ते म्हणाले. "तुझ्या थोबाडीत मारली असती मी. पोरगी वाचली असती कदाचित." आणि मग तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला.

त्या 'कदाचित'नं मास्तरांना खाल्लं. पण त्याहून जास्त खाल्लं ते दवाखान्याच्या फाइलमधल्या एका ओळीनं. पोरगी गेली, आणि तिच्या नावानं लिहून ठेवलंय की हिनं आपल्या अकलेनं फोनवरून नको ते मागवून खाल्लं. एवढी शहाणी पोर, दुसरीची बाई, आणि कागदावर मूर्ख ठरली. बापाची अब्रू राखायला.

थंडी पडल्यावर एका सकाळी मास्तरांनी दुकानातला चिठ्ठीचा एक कोरा कागद घेतला. ब्रशनं, सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं. रोग्याचं नाव, थान सूयिन. वय, सव्वीस. त्याखाली: हशोउवू, नऊदा वाफवलेलं, काळे तीळ, तुती, मध. प्रत्येकाचं वजन. सुरुवात मेमध्ये, रोज दोन गोळ्या. जुलैपासून तीन. मग तळाला डावीकडं स्वतःचं नाव लिहिलं आणि उजवीकडंही स्वतःचंच नाव लिहिलं.

तो कागद घेऊन ते वेई बाईंच्या खोलीबाहेर रांगेत बसले. नंबर आल्यावर आत जाऊन त्यांनी तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"हे तिच्या फाइलमध्ये लावा," ते म्हणाले. "तिथं ऑनलाइन लिहिलंय. ते खोडा."

बाईंनी वाचलं. वरून खाली, आणि मग डावी सही, उजवी सही. त्यांना रागवायचं असावं असं क्षणभर वाटलं, पण समोरच्या पांढऱ्या डोक्याकडं बघून त्यांनी उठून कपाट उघडलं, फाइल शोधून काढली, ती ओळ खोडली आणि कागद टाचला.

"अजून काही सांगायचंय, काका?"

मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि दाराची कडी धरून थांबले.

"केस मात्र फार छान आले होते हो, डॉक्टर," ते म्हणाले आणि तिथंच, बाहेरच्या रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, खाली बसले.